तोफ मागं वळवलेला रणगाडा

तळेगाव ढमढेरे,
८ जून २०२५

ती. हनुमंतकाका,

नमस्कार. आपली ओळख नाही, म्हणून आधी ओळख सांगतो. मी सार्थक जगताप. डिप्लोमाला पहिली दोन वर्षं तुमची मुलगी सुषमा आणि मी एका वर्गात होतो. पुढं मी कॉलेज सोडलं. सरांनी माझी ड्रॉइंग शीट भर वर्गात अर्धी फाडली, उरलेली अर्धी मी त्यांच्यासमोर फाडली आणि घरी आलो, तो परत गेलोच नाही. आता सणसवाडीला एका प्रेस शॉपमध्ये वॉशर पाडतो.

मला रणगाड्यांची मॉडेलं करायचा नाद आहे. खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाची. प्लॅस्टिकचे सुटे भाग येतात, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. सध्या टी-५५ घेतलाय. पण साधा नाही. पुढं सुरुंग फोडायचे रोलर लावलेला. आमच्या किटमध्ये नुसता रणगाडा आला, रोलर मलाच करायचे आहेत. प्रेसवर पत्र्याला भोक पाडलं की खाली लोखंडाची गोल टिकली पडते. तशा टिकल्या एकाला एक जोडून मी रोलरची चाकं करतोय. नेटवर फोटो ढीगभर आहेत, पण सगळे लांबून काढलेले. रोलरचे हात रणगाड्याला नेमके कुठं धरलेत ते एकातही दिसत नाही.

तुम्ही टी-५५ चालवलाय, तोही रोलर लावलेला, असं सुषमा एकदा वर्गात म्हणाली होती. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही हेही तिनंच सांगितलं होतं. तिला विचारावं तर तिनं माझा नंबर ब्लॉक केलाय. त्याचा या पत्राशी काही संबंध नाही.

ऑगस्टअखेर पुण्यात प्रदर्शन आहे, तिथं मॉडेल ठेवायचंय. अर्धवट सोडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तुमच्या घरी सगळे बरे असतील. सगळे म्हणजे सगळेच.

आपला,
सार्थक


यवत,
१६ जून

चि. सार्थक,

(आप्पांना मोतीबिंदूमुळं वाचता येत नाही आणि हात थरथरतो म्हणून लिहिता येत नाही. ते बोलतात तसं मी लिहिते. कंसातलं तेवढं माझं. – सुषमा)

पोरा, पत्र पावलं. आमच्यात त्या रोलरला ट्रॉल म्हनायचे. त्यो समोरनं कसा दिसतो ते मला इचारू नगस. मी डायवर. चालता ट्रॉल मी भायेरनं कवा बघितलाच न्हाई. मी आत बसलेला, डोळ्यापुढं काचेच्या दोन फटी, त्यात ट्रॉलच्या हाताचा वरला तुकडा आन् बाकी समदी धूळ. पर बसवायला मी सोता हात लावलाय, ते सांगतो.

गाड्याच्या नाकाखाली, बुडाच्या तिरप्या पत्र्यावर दोन जाड कान आस्त्यात, हात तितं धरायचे. येक हात डाव्या पट्ट्याफुडं, येक उजव्या. परत्येकाला तीन-तीन चाकं. मंजी गाड्याचा पट्टा जितनं जानार तेवढीच जिमीन दाबायची. मधली तशीच ऱ्हाती. काही सुरुंगांस्नी वर काडी आस्ती, ती हालली की फुटत्यात. तसल्यांसाठी दोन हातांच्या मधी येक साखळी लोंबती सोडायची. लोकं मधी बी रोलर दावत्यात, तसं करू नगस.

(आप्पांचा एकच कान चालतो, तोही अर्धाच, त्यामुळं तुझं पत्र मला ओरडून वाचावं लागतं. 'सगळे म्हणजे सगळेच' शेजारच्या भामाबाईंनी भिंतीपलीकडून ऐकलं आणि विचारलं, 'कोन गं त्यो?' पुढच्या पत्रात असलं काही नको.)

तुझा,
हनुमंत दोरगे


तळेगाव ढमढेरे,
२५ जून

ती. हनुमंतकाका,

कान बसले! तुम्ही सांगितलेल्या जागी दोन्ही हात घट्ट धरलेत. मधली साखळी आईच्या तुटक्या बेन्टेक्सची आहे. चाकं सहाच्या सहा एका रेषेत चिकटवली. पट्टी लावून बघितलं, केसभर फरक नाही.

एक घोटाळा झालाय. टिकल्या लोखंडी, रणगाडा प्लॅस्टिकचा. टेबलावर ठेवला की नाक खाली जातं आणि मागची बाजू उचलल्यासारखी दिसते. मागं शिसं भरून तोल साधू का?

तोफ मी समोर रोखलीय. नळी थोडी वर. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, आता हा सुटला. शेतातली काळी माती चहाच्या गाळणीनं गाळून घेतलीय, ती पट्ट्यांना लावणार आहे.

सुपरवायझर म्हणतो, एवढं डोकं कामात घाल. त्याला म्हटलं, तुम्ही एवढं तोंड कामात घाला. त्यामुळं सध्या मला नाइट शिफ्ट आहे.

भामाबाईंना नमस्कार.

आपला,
सार्थक


यवत,
४ जुलै

चि. सार्थक,

नाक खाली जातंय? मग तुझं बराबर हाय. शिसं-बिसं काय घालू नगस. खरा बी तसाच वाकतो. ट्रॉल लावला की गाडा गाभन म्हशीवानी चालतो, वळवायचा म्हनलं की घाम फुटतो. लांबनं वळसा घ्यावा लागतो.

पर चाकं मोड. येका रेषेत आलेली चाकं मंजी परेडला हुबे केलेले जवान. जिमीन काय टेबल हाय व्हय? परत्येक चाक आसावर ढिलं आस्तं, त्याचं त्येनं खड्ड्यात उतरतं, त्याचं त्येनं ढेकळावर चढतं. येक वर गेलं तरी दुसऱ्यानं खाली दाबलं पायजे. न्हाईतर खड्ड्यातला सुरुंग तसाच ऱ्हायचा आन् मागनं पट्ट्याखाली घावायचा. मंजी माज्या बुडाखाली.

आन् तोफ फुडं ठिवलीस? वळव माघारी. ट्रॉलखाली सुरुंग फुटला की पाच-पाच मनाचं लोखंड उसळतं. नळीला टोला बसला की तोफ कामातनं गेली. म्हून कामाला लागायच्या आदी बुरूज फिरवून नळी मागं करायची.

(आता तू चिडणार. चिडलास तरी पत्रात ओरडू नकोस, ते ओरडायचं काम मलाच करावं लागतं.)

तुझा,
हनुमंत दोरगे


तळेगाव ढमढेरे,
९ जुलै

ती. हनुमंतकाका,

तुम्ही वडीलधारे आहात म्हणून नीट लिहितो. तोफ मी वळवणार नाही.

रणगाडा आहे तो! शत्रूकडं पाठ करून चाललेला रणगाडा कोण बघायला येणार? प्रदर्शनात लोक विचारतील, हा पळून चाललाय का? मी काय सांगू, यवतच्या काकांनी सांगितलं म्हणून? समोर सुरुंग, पलीकडं शत्रू, आणि आपण तोंड फिरवून पुढं जायचं, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. मी आयुष्यात कुणाला पाठ दाखवलेली नाही.

तुमचं पत्र वाचून बुरूज काढला आणि भिंतीवर मारला. तो पलंगाखाली गेला. अर्ध्या तासानं शोधून काढला, वरचं एक झाकण तुटलंय, ते परत करतोय.

चाकांचं मात्र पटलं. सहाही ब्लेडनं सोडवली. एकाचा आस मोडला, बोटही कापलं, पण आता प्रत्येक चाक वेगळं हलतं. टेबलावर एका चाकापुढं पेन ठेवून वरून रोलर फिरवला. एकच चाक चढलं, बाकीची जमिनीला चिकटून. मी एकटाच खोलीत ओरडलो, आई धावत आली.

पण तोफ नाही म्हणजे नाही.

सार्थक


यवत,
१९ जुलै

चि. सार्थक,

तुझं पत्र ऐकलं. भामाबाईनं बी ऐकलं. तिचं म्हननं, पोरगं तापट हाय पर खोटं बोलत न्हाई.

मला बी तसंच वाटलेलं. दोन हजार दोन साल, राजस्थानात. लढाई झालीच न्हाई, तवा आमीच पेरलेले सुरुंग आमालाच काढायचे व्हते. पैल्या दिशी रिसालदारानं नळी मागं घ्यायला सांगितली तवा मला लाजल्यावानी झालं. मागं आमचेच चार गाडे रांगेत हुबे, आन् आमची तोफ त्यांच्याकडं त्वांड करून. त्यातली पोरं हात जोडून हसत व्हती, 'साहेब, गोळी घालू नगा!'

मग मी निघालो. मानूस चालतो तेवढाच येग. थोडं गेलो आन् पैला फुटला. आत बसून कानात खिळा ठोकल्यावानी झालं. ह्यो डावा कान तवाचाच. धूळ खाली बसली, मी फटीतनं बघितलं, चाकं हायती जागंवर. परत गेर टाकला. मागनं हसन्याचा आवाज कुनाचाच आला न्हाई. चारी गाडे माज्या पट्ट्याच्या खुनंवरनं आले, येक बी इकडं-तिकडं सरला न्हाई. लढाई झाली आस्ती तर लढायचं काम त्यांचं व्हतं. माजं काम, त्यांस्नी पाय ठिवाय जागा करायची.

बाकी तोफ तुजी, मॉडेल तुजं. कर तुला वाटंल तसं.

(सत्तावीस तारखेला रविवारी घरी माणसं येणार आहेत. पडदे धुवायचेत, घर आवरायचंय, सकाळी कांदेपोहे माझ्याकडंच आहेत. आप्पांनी तर नवा शर्ट शिवायला टाकलाय. त्यामुळं पुढचं पत्र उशिरा येईल.)

तुझा,
हनुमंत दोरगे


यवत,
२८ जुलै

चि. सार्थक,

हे पत्र माझा गनर गेणबा लिहून देतोय. कालपास्नं इतंच मुक्कामाला हाय. सुषमा लिहायला तयार न्हाई. तवा गेणबाचं अक्षर गोड मानून घे.

कालचं तुला आटवतंय का न्हाई ठावं न्हाई, तू लई तापलेला व्हतास, म्हून माज्या बाजूनं सांगतो. आमच्या गाड्यातली मानसं वर्साला येकदा येकाच्या घरी जमत्यात. औंदा माजी पाळी. रिसालदार सर्जेराव न्हावऱ्याहून आलेला, त्यो आमचा कमांडर. गेणबा पाटसचा. आन् म्हाळू, त्यो गोळे भरायचा. चौघं वसरीवर पोहे खात बसलेलो. तेवढ्यात तुजी मोटरसायकल दारात. काखंत खोकं, पायात बूट तसेच, आन् वसरीत हुबा राहून म्हनलास, 'हे लग्न मी होऊ देणार नाही!'

रिसालदाराचा चमचा हातातच राहिला. त्यो म्हनला, 'कुनाचं?'

तू म्हनलास, 'मुलगा कुठंय?'

रिसालदार म्हनला, 'माजा व्हय? त्यो दौंडला आस्तो. त्याचं लगीन हून पंधरा वर्सं झाली. आता मोडतोस का?'

म्हाळूला हसून ठसका लागला. पलीकडनं भामाबाई म्हनली, 'आला गं बाई, सगळे म्हंजी सगळेच!' सुषमा सैपाकघराच्या दारात हुबी व्हती. तिनं तुज्याकडं बघितलं आन् आत गेली. तू खाली बसलास, मग पानी मागितलंस.

खोकं गेणबानं उघडलं. मला नीट दिसत न्हाई, मी बोटानं चाचपलं. नाक वाकलेलं. चाकं ढिली. मधी साखळी. आन् नळी माघारी. म्हंजी वळवलीस! पत्रात न्हाई म्हनत व्हतास. मला लई बरं वाटलं पोरा. इतकी वर्सं त्यो गाडा मी चालवला, भायेरनं कसा हाय ते मला काल बोटाला कळलं.

मग वाद लागला. रिसालदार म्हनतो नळी पार मागं नव्हती, बाजूला व्हती. गेणबा म्हनतो तोफ माजी, मला इचारा, मागंच व्हती. म्हाळू म्हनतो मी आत गोळ्यांत बसलेलो, मला मागचं बी दिसत नव्हतं आन् बाजूचं बी. जेवनं झाली तरी मिटलं न्हाई. चौघं येकाच गाड्यात, आन् चौघांनी चार गाडे बघितलेले.

आता खरं सांगतो. तू कशापायी लिहितोस ते मला पैल्या पत्रातच कळलेलं. नुसत्या ट्रॉलची चौकशी करनारं पोरगं घरच्या मानसांची तशी इचारपूस करत न्हाई. माजी ना न्हाई. पर तुजं नाव काढलं की सुषमा उठून जाती, येवढं ध्येनात ठिव.

गाडा इतंच हाय. कोनाड्यात ठिवलाय.

तुझा,
हनुमंत

ता.क. मी गेणबा. नळी मागंच होती.


तळेगाव ढमढेरे,
३१ जुलै

ती. हनुमंतकाका,

'माजी ना न्हाई' ही ओळ मी इतक्यांदा वाचली की कागद घडीवर फाटायला आलाय.

रविवारचं काय लिहू? पोहे, पडदे, नवा शर्ट, एवढं वाचल्यावर आमच्याकडं कुणीही तेच समजलं असतं. रिसालदारसाहेबांची माफी मागायला मी न्हावऱ्याला जाऊन येईन. पण आलो ते बरंच झालं. नाहीतर तुमचं मन कसं कळलं असतं?

आता मी थांबणार नाही. पुढच्या आठवड्यात रविवारी, दहा तारखेला, आई-वडिलांना घेऊन यवतला येतो. मोठ्यांनी मोठ्यांशी बोलावं, रीतसर. वडील आधी नको म्हणाले, शिक्षण अर्धवट, कसली तोंडं घेऊन जायची. मी म्हटलं, तुम्ही आला नाहीत तर एकटा जाईन. तयार झाले. सुषमाचा राग मी काढीन, ते माझ्यावर सोडा.

मॉडेल प्रदर्शनात देत नाही. तुमच्या कोनाड्यात आहे, तिथंच राहू द्या.

तुमचाच,
सार्थक


यवत,
५ ऑगस्ट

सार्थक,

हे पत्र आप्पांचं नाही. सगळंच माझं आहे, म्हणून कंस नाहीत.

आजवर तुझी चार पत्रं आली. चारही मी घसा फोडून वाचली. रोलर आहे, माती आहे, साखळी आहे, सुपरवायझर आहे, भामाबाईंना नमस्कार आहे. मला विचारलेली एक ओळ कुठल्याच पत्रात नाही.

त्या रविवारी तुला वाटलं, मला बघायला माणसं आलीत. ठीक आहे, वाटू शकतं. पण मग तू काय केलंस? 'मुलगा कुठंय' विचारलंस. मी चार हातांवर दारात उभी होते. ते लग्न खरंच असतं, तर मला ते करायचंय की नाही, हे मला विचारावं असं तुझ्या मनातसुद्धा आलं नाही. मला हवं असतं तर? तरी मोडलं असतंस?

आता आप्पांची ना नाही, म्हणून तू आई-वडिलांना घेऊन निघालास. आप्पांशी लग्न करायचं असेल तर जरूर या. रविवारी ते घरीच असतात.

तुझा नंबर का बंद केला, तेही तू कधी विचारलं नाहीस. कॉलेज सोडल्यावर तू रोज फोन करायचास. रोज तेच, सरांना असं दाखवीन, तसं दाखवीन. माझी परीक्षा चालू होती. पेपर कसा गेला, हे दोन शब्द एकदाही आले नाहीत. मी ऐकून ऐकून थकले आणि बंद केला.

मी पास झाले. येत्या ऑक्टोबरपासून चाकणला नोकरी आहे. तुला माहीत नाही, कारण तू विचारलं नाहीस.

लिहायचं असेल तर मला लिही. ते जमत नसेल तर यापुढं लिहू नकोस, आप्पांनाही नाही.

सुषमा


तळेगाव ढमढेरे,
८ ऑगस्ट

सुषमा,

पत्र वाचून आधी गाडी काढली. किल्ली लावली आणि परत घरात आलो. तिकडं येऊन मी पुन्हा मोठ्यानं काहीतरी बोललो असतो.

रविवारी आम्ही येत नाही. आई-वडिलांना सांगितलं. आई म्हणाली, का? म्हटलं, जिला विचारायचं तिला मी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, 'मग इतके दिवस पत्रं कुनाला लिहीत व्हतास रे?' वडील पहिल्यांदा माझ्यावर न चिडता हसले.

चाकणला काय काम आहे? राहणार कुठं? तू गेल्यावर काकांना पत्र, पेपर कोण वाचून दाखवणार? शेवटच्या वर्षाचा मशीन डिझाइनचा पेपर कसा गेला होता? आपल्या वर्गात सगळ्यांना त्याचीच भीती होती, आणि तू तेव्हा म्हणायचीस की मला हाच आवडणार. आवडला का?

हे प्रश्न तू सांगितलंस म्हणून लिहायला बसलो, ते खरं. पण लिहिताना लक्षात आलं, मला यातल्या एकाचंही उत्तर माहीत नाही. तीन वर्षं तुझा विचार करतोय आणि तू दिवसभर काय करतेस हे मला माहीत नाही.

आता जे आधी विचारायला हवं होतं ते विचारतो. माझ्याशी लग्न करशील का?

याच्यापुढं लिहिलं होतं, 'नाही म्हणालीस तरी चालेल.' ते खोडलंय, खाली दिसत असेल. कारण ते खोटं आहे. मला चालणार नाही, मला फार वाईट वाटेल, मी आठवडाभर कुणाशी धड बोलणार नाही. पण तू जे सांगशील ते ऐकून घेईन. यवतला येणार नाही, काकांना मध्ये घालणार नाही, पुन्हा विचारणार नाही.

उत्तराला लागेल तेवढा वेळ घे. मी इथंच आहे.

सार्थक


यवत,
१९ ऑगस्ट

सार्थक,

चाकणला काम क्वालिटीत आहे. गिअरचे दात मोजून, तपासून पास करायचे. राहायला आपल्याच वर्गातल्या तेजश्रीची खोली, तिसरी मुलगी नागपूरची. आप्पांचं ऑपरेशन सप्टेंबरात ठरलंय. डॉक्टर म्हणाले, नंतर वाचता येईल. तोवर भामाबाई वाचणार आहेत. त्या चौथीपर्यंत शिकल्यात आणि आवाजाला माझ्यापेक्षा मोठ्या आहेत. मशीन डिझाइनला एकाहत्तर पडले. आवडला होता. खूप आवडला होता. घरात कुणाला सांगितलं तर कळणार नव्हतं, म्हणून कुणाला सांगितलंच नाही. आज तुला सांगतेय.

खोडलेलं वाचता आलं. तसंच राहू दिलंस ते बरं केलंस.

मला हे पत्र लिहायला आठवडा लागला, त्यात एकदाही दारात मोटरसायकलचा आवाज आला नाही. रोज संध्याकाळी कान तिकडंच असायचा. आला असता तर मी 'नाही' लिहिणार होते, हेही ठरलं होतं.

माझं उत्तर 'हो' आहे. पण नोकरीचं पहिलं वर्ष मला माझं हवंय. त्या वर्षात तू डिप्लोमा पुरा करायचा की नाही, ते तू ठरव. माझ्यासाठी करू नकोस. नंतर मी सांगेन तेव्हा आई-वडिलांना घेऊन ये, आणि येताना बूट बाहेर काढ.

आप्पांना अजून काही सांगितलेलं नाही. तुझं पत्र आलं त्या दिवशी पोस्टमनची सायकल त्यांनी ओळखली. मी पत्र घेऊन आत आले, ओट्यापाशी उभ्यानंच वाचलं, मनातल्या मनात. बऱ्याच वेळानं त्यांनी बाहेरून हाक मारली, 'काय गं, पोराचं पत्र आलं व्हय? वाच की!'

मी म्हटलं, 'आलंय आप्पा, पण तुमच्यासाठी नाही.'

सुषमा